पट्टीची कड

३ जुलै, गुरुवार

शिवदासना आज दुपारी घरी आणलं. उजव्या खांद्याच्या पुढच्या हाडाखाली नळी बसवली आहे. कातडीखालून ती गळ्यातल्या मोठ्या शिरेत जाते आणि तिथून थेट हृदयाच्या तोंडाशी. बाहेर दोन शेपट्या राहतात, एक लाल टोपणाची आणि एक निळ्या. आता आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, या नळीतून रक्त बाहेर येणार, मशीनमध्ये धुतलं जाणार आणि परत आत जाणार. मी हे इतक्या शांतपणे लिहिते आहे याचं मलाच नवल वाटतं.

बोरिवलीच्या डायलिसिस सेंटरमध्ये श्रुतिका नावाची सिस्टर आहे. वय पंचवीस-सव्वीस असेल. "काकी, नीट ऐका," म्हणाली. मी आधी मागे वळून बघितलं, कोण काकी म्हणून.

"ही नळी आत्ता फक्त टाक्यांवर उभी आहे. कातडीखाली तिला एक छोटा पट्टा आहे, त्यात मांस रुजलं की मग ती धरते. तोवर ओढ बसायला नको. झोपताना नको, कपडे काढताना नको, काकांनी हात वर करून आळस दिला तरी नको. भिजवायची नाही. टोपणं उघडायची नाहीत. पट्टी बदलणार ती मी, मास्क लावून. तुम्ही फक्त बघायचं."

"आणि पट्टीची कड सुटली तर?"

"हात न लावता फोन करायचा. एक जण सेलोटेप लावून आले होते. काय सांगू तुम्हाला!" मग गंभीर झाली. "थंडी वाजून ताप आला तर वाट बघायची नाही. सण असो, काही असो. ही नळी म्हणजे रक्ताला उघडलेली वाट आहे. जे तिथून आत जाईल ते सगळीकडे जाईल."

शिवदास छताकडे बघत होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "पोरगी चांगली हा. पण बोलता किती!"

६ जुलै, रविवार

आंघोळीचं जमलं. कंबरेखाली पाणी, वर ओला टॉवेल. केस बेसिनपाशी मान मागे करून धुतले. हे म्हणाले, "सलूनमध्ये याचे पैसे घेतात." त्यांच्या बनियनी पुढून उभ्या कापून नाड्या लावल्या, म्हणजे डोक्यावरून काढायला नकोत. चारही बनियनी आईने शिकवलेल्या टिपेने शिवल्या. आता नळी बनियनच्या आत सरळ राहते, कशात अडकत नाही.

पखवाज मी मागच्याच आठवड्यात श्यामसुंदर बुवांकडे पाठवून दिला. घरात राहिला तर हात शिवशिवणार. इतकी वर्षं बुवांच्या भजनात हे पखवाजावर बसतात, कंपनीतली स्टोअरची नोकरी त्यांनी केवळ मधल्या वेळात केली असं मी चेष्टेने म्हणते. पखवाज नेला तेव्हा यांनी गवसणीची नाडी तेवढी स्वतः बांधली.

आज चपात्यांची कणीक मळताना हाताने सवयीनं एक गोळा बाजूला काढला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो खोल आवाज येत नाही. भजन असलं की तो गोळा मी काढून ठेवायचे. आज परत परातीत मिसळला. एक चपाती जास्त झाली.

११ जुलै, शुक्रवार

सर्जनना भेटलो. म्हणाले, गळ्यातली नळी ही तात्पुरती सोय आहे. जितके दिवस राहील तितका जंतूंचा धोका, आतल्या शिरेलाही इजा होते. खरी सोय म्हणजे हातातली एक शीर धमनीला जोडायची, फिस्टुला म्हणतात. ती फुगून तयार व्हायला दोनेक महिने लागतात, म्हणून आत्ताच करून घ्या. "उजव्या हाताने लिहिता ना? मग डाव्यात करू."

शिवदास म्हणाले, "गणपती झाल्यावर बघू."

घरी येताना विचारलं, "डावोच कित्या गो?"

मी म्हटलं, डॉक्टरांना कळतं ते आपल्याला कळतं का?

घाबरले आहेत. ऑपरेशनला लहानपणापासून घाबरतात, सासूबाई सांगतात, दाढ काढायलाही चार माणसं लागली होती. थोडे दिवस जाऊ देते. मग पुन्हा विषय काढीन.

१८ जुलै, शुक्रवार

संध्याकाळी श्यामसुंदर बुवा आले. दारातूनच सुरू. "काय वहिनी, आमच्या माणसाला लोणच्यासारखं बरणीत भरून ठेवलंत?"

"बरणीचं झाकण सारखं उघडलं तर बुरशी येते, बुवा."

हसले आणि चपला काढल्या. चहा घेतला. शिवदासना पाणी मोजून असतं म्हणून त्यांच्यासमोर चहा पिताना बुवांना अवघडल्यासारखं झालं, तर हे म्हणाले, "पी रे, मी वासावर भागवतो."

मग मूळ मुद्दा निघाला. गणपतीच्या पाचव्या दिवशी आमच्या मैदानात डबलबारी ठरली आहे. समोर भांडुपचं मंडळ. दोन बुवा समोरासमोर, एकाने गायचं, चिमटा काढायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. माणसं सतरंज्या घेऊन रात्रभर बसतात. यात बुवा जितका महत्त्वाचा तितकाच पखवाजवाला.

"विशालला बसवतोय यंदा," बुवा म्हणाले. "पोराचा उजवा हात झकास चालतो. पण डावा कच्चा. समोरचे उठून दिसणार, आपली वाट लागणार."

मी म्हटलं, "बुवा, विशालला शिकवा. यांना विचारूसुद्धा नका."

"नाय हो वहिनी, मी आपलं सांगतोय."

शिवदास खिडकीतून नदीकडे बघत बसले. बुवा गेल्यावर मी थोडी ओशाळले. पण कोणीतरी नाही म्हणायला हवं ना. हे टेबलावर बोटं वाजवत राहिले, जेवण होईपर्यंत. मी म्हटलं, नळीला धक्का बसतो. थांबले.

२४ जुलै, गुरुवार

मी पार्ल्याहून आले तेव्हा थकले होते. कॉलेजच्या वाचनालयात नवीन प्रवेशांची झुंबड आहे, कार्डं, फोटो, रांगा. पण घरी आले आणि बरं वाटलं. शिवदासचा चेहरा कितीतरी उजळला आहे. सकाळी मी कामावर गेले की नदीच्या कडेने फिरायला जातात, देवळात जरा टेकतात आणि जेवायच्या वेळी परत येतात. भूक लागते. बिनखोबऱ्याची, कमी मिठाची भाजी निमूट खातात, आणि मालवणी माणसाने खोबऱ्याशिवाय निमूट जेवणं काही साधी गोष्ट नाही. संध्याकाळी डायलिसिसला मशीनवर झोपून श्रुतिकाशी चेष्टाही केली.

बोटं वाजवणं बंद झालंय. मला वाटतं मनाने स्वीकारलं.

माझीच झोप मात्र नीट होत नाही. घर फार शांत वाटतं. पंख्याचा आवाज येतो, बहुतेक बेअरिंग गेलं असावं.

२७ जुलै, रविवार

मळलेल्या कणकेचा डबा फ्रिजमध्ये होता. सकाळी उघडला तर कमी वाटली. काल रात्री किती चपात्या केल्या ते आठवेना. माझं लक्ष हल्ली ठिकाणावर नसतं.

दुपारी पुण्याहून प्रांजलचा फोन. "आई, तू बाबांना जरा मोकळं सोड गं, कैदी नाहीत ते." म्हटलं, तू ये आणि एक दिवस सांभाळून बघ. नंतर वाईट वाटलं. तिने काही टोचून म्हटलं नव्हतं.

२९ जुलै, मंगळवार

आज वाईट दिवस.

श्रुतिकाने पट्टी बदलायला घेतली. मास्क लावून मीही पायाशी उभी होते. ती थांबली. "काकी, ही कड सुटून परत चिकटवल्यासारखी आहे. आणि हे काय?" पट्टीच्या खालच्या कडेला पांढरट, वाळलेलं काहीतरी. चिमट्याने काढून गॉजवर ठेवलं. मला बघताक्षणी कळलं. कणीक.

सकाळी कणीक मळते आणि मग यांच्या बनियनच्या नाड्या बांधते. हात धुते, पण नखांत राहते. मी तिथेच म्हटलं, "माझ्या हातची आहे."

श्रुतिका रागावली नाही, त्याने जास्त मेल्यासारखं झालं. "नळीच्या तोंडाशी थोडी लाली आहे. बघू. पण काकी, साबणाने, कोपरापर्यंत, आणि मग नळीच्या बाजूला हातच न्यायचा नाही. नाड्या काकांना बांधू दे."

शिवदास भिंतीकडे तोंड करून होते. परतताना रिक्षात माझा हात धरला. असं बाहेर कधी करत नाहीत. मी म्हटलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "गप रव गो."

२ ऑगस्ट, शनिवार

आजपासून घरी कणीक मळायची नाही असं ठरवलं. स्टेशनच्या रस्त्याला पोळी-भाजी केंद्र आहे, तिथून चपात्या आणल्या. मोठ्या, कडक, पण चालतील. हात इतके धुते की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. वाचनालयात शिक्का मारताना शाई झोंबते.

शिवदासना ते अजिबात आवडलं नाही. "बाहेरच्या चपात्या कित्या? कणीक मळ ना तू." मी म्हटलं, नको. तर पुन्हा म्हणाले, "अगो थोडी मळ. फ्रिजात तरी असू दे." इतकं कधी कशासाठी मागत नाहीत. माझ्या हातच्या चपातीची आठवण येते म्हणायची. आनंद झाला, पण हलले नाही. माझ्या चपातीपेक्षा त्यांचं रक्त महत्त्वाचं.

माझ्या हातांना रात्री खोबरेल लावत होते, तर ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

५ ऑगस्ट, मंगळवार

हॉस्पिटलमधून लिहिते आहे. डायलिसिस सुरू झालं आणि थोड्या वेळात यांना थंडी भरली. दात वाजायला लागले, कॉट हलायला लागली. "एसी कमी करा," म्हणत होते. मीही म्हटलं, हो, एसी फार आहे. शेजारचे पेशंट चादरीशिवाय होते.

श्रुतिकाने एसीकडे बघितलंही नाही. मशीन थांबवलं, डॉक्टरना बोलावलं, ताप मोजला, नळीतून आणि हातातून रक्त घेतलं. सगळं भराभर पण धावपळ न करता. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकी, एसीने असं होत नाही. नळीवाटे जंतू रक्तात गेलेत असं वाटतंय. बरं झालं, इथेच झालं. औषध लगेच सुरू करतोय."

वरच्या मजल्यावर भरती केलं. आता झोपले आहेत. कपाळ ओलं आहे. मी हात लावत नाही. माझ्या हातांची मला भीती वाटते.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी डॉक्टर राउंडला आले, श्रुतिका सोबत होती. रक्तात जंतू सापडले. ताप उतरत नाही म्हणून ती नळी आज काढायची, काही दिवस मांडीतून छोटी नळी घालायची, रक्त साफ झालं की नवीन. डॉक्टरांनी साधाच प्रश्न विचारला, "घरी काय झालं होतं? पट्टी भिजली? कोणी उघडली?"

मी म्हटलं, "कणीक लागली. माझ्या हातची." एवढंच बोलायचं होतं, पण मग थांबवता आलं नाही. नखं कापली, हात धुतले, चपात्या बंद केल्या, तरी कसं झालं कळत नाही, असं काहीतरी बोलत राहिले आणि रडायला लागले. परक्या माणसांसमोर.

"तिची नाय ती," शिवदास म्हणाले.

डॉक्टर वळले.

"कणीक माझी. मी तालमीक जातंय. बुवाच्या. सकाळी, ही कामावर गेली की." डोळे चादरीवर. "घाम येता. पट्टीची कड सुटली. बदलूक आलो असतो तर सिस्टरनं विचारलं असतं, घाम कसलो. हातात कणीक होतीच. म्हटलं, पखवाजाच्या चामड्यावर रात्रभर चिकटून रवता, हय पण रवात. लावली."

मग श्रुतिका म्हणाली, "काका, पखवाजाची कणीक तुम्ही नळीला लावलीत?"

"थोडीशीच."

"थोडीशीच!" ती म्हणाली. डॉक्टरांनी खोकल्यासारखं केलं.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. तालमीला गेले याचा राग येत नव्हता. माझ्या हातांना भेगा पडत होत्या आणि ते बघत होते, याचा येत होता. माझ्या कबुल्या निमूट ऐकत होते. रिक्षात हात धरला होता तो काही माझं सांत्वन करायला नव्हता.

दुपारी नळी काढली. संध्याकाळी आत गेले तेव्हा जागे होते. मी विचारलं, "आज कशाला सांगितलंत?"

"तू सगळ्यांपुढे रडलंस."

"नाहीतर?"

त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी मोजून दिलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसले.

९ ऑगस्ट, शनिवार

ताप नाही. आम्ही फारसं बोलत नाही. औषधाची वेळ, लघवीचं भांडं, उशी, एवढंच.

१० ऑगस्ट, रविवार

प्रांजल आली आहे, तिला बसवून मी घरी आले आणि घरून तडक देवळाच्या हॉलमध्ये. तालीम चालली होती. मला बघून बुवांनी पेटी बंद केली. बाकीच्यांना म्हणाले, चहा घेऊन या रे.

मी काय काय ठरवून गेले होते. बुवांनीच आधी हात जोडले. "वहिनी, देवाशपथ, तो म्हणाला तुम्ही हो म्हणालात. म्हणाला, ती तोंडाने नाही म्हणते, पण गोळा काढून देते. रोज कणीक घेऊन यायचा घरनं, मग मी काय समजायचं?"

माझ्या फ्रिजमधली कणीक. मला हसू आलं आणि ते आलं याचा पुन्हा राग आला.

"त्याचा जीव गेला असता, बुवा."

"कळतंय हो." त्यांनी चष्मा काढला. "मी त्याला सांगत होतो, ते हाताचं ऑपरेशन करून घे, नळीची कटकट जाईल. तर म्हणतो, गळ्यातली नळी जन्मभर राहू दे, मेलो तर मेलो, डावा हात देणार नाय."

"म्हणजे?"

बुवांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चेष्टा करते आहे. "त्यात शीर जोडतात ना? मग त्या हातावर मार नको, दाब नको म्हणतात. डाव्याची थाप गेली तर पखवाजात उरतं काय, वहिनी? उजवा तर कोणीपण वाजवतो. त्यानं तुम्हाला नाय सांगितलं?"

सांगितलं नाही. एकदा विचारलं होतं फक्त. मी म्हटलं होतं, डॉक्टरांना कळतं ते आपल्याला कळतं का.

पखवाज कोपऱ्यात होता. विशालने डाव्या तोंडावर कणीक थापून ठेवली होती. तिला बोट लावून बघितलं. ओली, गार, घट्ट धरलेली. यांना ती औषधाच्या पट्टीपेक्षा भरवशाची वाटली असेल तर त्यात नवल नाही. मूर्ख माणूस.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल नवीन नळी बसवली, पुन्हा त्याच बाजूला. आज श्रुतिकाने आम्हा दोघांना समोर बसवलं, शाळेसारखं.

"काका, तुम्ही हातात आरसा धरा. काकी, तुम्ही नुसतं बघा." पारदर्शक पट्टीखाली नळीचं तोंड दिसत होतं, टाके दिसत होते. तिने नळीला सैलसर वळण देऊन वेगळ्या चिकटपट्टीने छातीला धरलं. "हे वळण कशाला? ओढ बसली तर आधी इथे बसेल. टाक्यांपर्यंत जाणार नाही. रोज सकाळी आरशात बघायचं. लाल आहे का, ओलं आहे का, पू आहे का, कड सुटली का. यातलं काहीही दिसलं तर यायचं. डायलिसिसचा दिवस नसला तरी."

"आणि तू ओरडणार," शिवदास म्हणाले.

"ओरडणार. पण पट्टी बदलून देणार. काका, मला घाम चालतो, कड सुटलेली चालते, मूर्खपणा पण चालतो. लपवलेलं चालत नाही. लपवलेलं मला बाहेरून दिसत नाही हो."

ते मान खाली घालून ऐकत होते. मग मी विचारलं. घरून ठरवून गेले नव्हते. "सिस्टर, पखवाज कधी वाजवता येईल?"

शिवदासनी आरसा खाली ठेवला.

श्रुतिकाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "या गणपतीत नाही. टाके आहेत, औषध चालू आहे. पुढे नळी नीट धरली, की डॉक्टरना विचारू. मी हो म्हणणार नाही, ते माझं काम नाही. पण ते हो म्हणाले तर बसून, मांडीवर. गळ्यात पट्टा नाही, हार नाही. झालं की हात धुवा, घाम टिपा, कड बघा."

"आणि कणीक?" यांनी विचारलं.

"कणीक पखवाजाला," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

घरी आलो. रात्री जेवताना ते म्हणाले, "मी सर्जनक सांगतंय, डाव्यात करा म्हणून. बास झाला."

मी ताटातली भेंडी बाजूला सारत बसले. बास झाला हे त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं, की मला दाढ काढायला लागलेली ती चार माणसं आठवली, आणि वाटलं, हे तसलं घाबरणं नव्हतंच. मी इतके दिवस त्यांना घाबरट समजत होते, कारण ते मला सोपं होतं.

उशिरा झोप लागली.

१८ ऑगस्ट, सोमवार

सर्जनकडे गेलो. तेच टेबल, तोच शिरा दाखवणारा पुठ्ठ्याचा हात भिंतीवर टांगलेला. झालेलं सगळं त्यांना कळलं होतं. "आता उशीर नको," म्हणाले. "औषधाचा कोर्स संपला की लगेच. डाव्या हातात ठरलं होतं ना?"

शिवदास म्हणाले, "हो. डाव्यात." बाही स्वतःच वर केली आणि हात टेबलावर ठेवला. रुंद, सपाट हात, करंगळीखालचा तळवा चामड्यासारखा झालेला. मी तो हात इतकी वर्षं बघते आहे आणि कधी असा टेबलावर पडलेला बघितला नव्हता.

"नको," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"लिहितात उजव्याने. पण कामाचा हात डावा आहे त्यांचा. पखवाज वाजवतात." 'वाजवायचे' म्हणणार होते, तोंडातून 'वाजवतात' आलं. "डाव्यात केलं तर वाजवता येईल का?"

सर्जन मागे टेकले. "काही जणांना पुढे येतं बरंच काही करता. पण पखवाजाचा मार, रोजचा? खात्री नाही देणार मी."

"मग उजव्यात होईल का?"

"नळी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे आतल्या शिरा आधी तपासाव्या लागतील. अरुंद झाल्या असतील तर हात सुजतो. आणि उजव्यात केलं तर आयुष्यभर सुया उजव्या हातात. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास तो हात हलवायचा नाही. हे आधी का नाही सांगितलंत?" हा प्रश्न त्यांनी यांना विचारला होता.

"मी विचारलं नाही," मी म्हटलं.

खालच्या मजल्यावर सोनोग्राफी करून आलो. बराच वेळ बसलो. शिवदासनी माझ्याकडे बघितलंही नाही, समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र वाचत राहिले. रिपोर्ट घेऊन वर गेलो. सर्जननी तो उजेडात धरला, उजव्या दंडाला रबरी पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली, बोटाने शीर दाबत कोपरापर्यंत गेले.

"वाट मोकळी आहे. शीरही बरी आहे. उजव्यात करू. गणपती झाल्यावर लगेच. तोवर या हातातून कोणाला रक्त काढू द्यायचं नाही, सुई नाही, बीपीचा पट्टा नाही."

बाहेर आलो. जिन्यात गर्दी होती म्हणून कडेला थांबलो. यांनी उजव्या हाताची बाही खाली केली, बटण लावलं आणि मग म्हणाले, "मशीनवर असताना खावचा कसा गो? डाव्या हातान? आये आयकतली तर फटको मारतली."

"त्यांना मी सांगते," मी म्हटलं. "तुम्ही फक्त खायचं."